हवा खेच

दोन माणसांचं काम काळूराम घेत नाही, हे मांडवा-अलिबाग रस्त्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होतं. गिअरबॉक्स उतरवायचा असेल तर पुढच्या फाट्यावर जा, तिथे माणसं आहेत. अकरा वर्षं तो गॅरेजात एकटा होता आणि एकट्याला उचलेल तेवढाच संसार त्याने ठेवला होता. ब्रेकमधली हवा काढायची तर एकाने आत बसून पेडल मारावं आणि दुसऱ्याने चाकापाशी बसावं लागतं; त्यासाठी त्याने बाटलीला नळी जोडून अशी काही युक्ती केली होती की दुसरा लागतच नसे. क्लच दाबून धरायला सीटला टेकवलेला बांबूचा तुकडा होता. गिऱ्हाइकं या युक्त्यांचं कौतुक करत आणि काळूराम ते मिशीत हसून घेई. आता एकटं राहता यावं म्हणून माणसाने एवढं डोकं चालवावं, यात कौतुक करण्यासारखं काय होतं? पण त्याला तोंडावर सांगणार कोण.

सांगितलंच असतं तर ठमाबाईने. गॅरेजच्या कुंपणाला लागून ती सुकी मासळी विकायची. वयाने काळूरामपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, जिभेने त्याहून मोठी. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की ती गॅरेजच्या अंगणात, बदामाच्या झाडाखाली येऊन बसे. बसायला बाभळीचा एक जाडजूड ओंडका होता. तो खरा तिच्यासाठी नव्हे. अंगण रस्त्याकडे उतरतं होतं, म्हणून गाडी उचलण्याआधी चाकाला लावायला होता. काळूरामला तो हवा असला की ठमाबाई पुटपुटत उठे आणि काम संपलं की पुन्हा येऊन बसे.

तर वैशाखातल्या एका सोमवारी ही गाडी आली. आली म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढून आणली. जुनी जपानी, चारही चाकांना ताकद पोचणारी, चौकोनी तोंडाची, डिझेलची. निळा रंग उन्हाने पांढुरका पडला होता. काळूरामने ती वळणावरच ओळखली आणि हातातला पाना उगाचच पुसत बसला.

गाडीतून उतरली ती बंगलेवाल्या साहेबांची मुलगी, तेजस्वी. साहेब गेल्याला दीड वर्ष झालं, हे काळूरामला तिच्याकडूनच कळलं. बंगला आता तिच्याकडे होता. तिची एक लहानशी शिडाची होडी होती. ती खाडीतून वाळूवर ओढायला तिला ही गाडी हवी होती. इंजिन, ब्रेक तिने मुंबईत करून घेतले होते. पण मागच्या चाकांचं लॉक लागत नव्हतं आणि त्याचा सुटा भाग जगात कुठे मिळत नाही असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. बाबा म्हणायचे की या गाडीचं लॉक समजणारा एकच माणूस आहे, म्हणून आले, असं ती म्हणाली. काळूरामने मान हलवली. ते वाक्य साहेबांचं नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं. अकरा वर्षांपूर्वी याच अंगणात त्यानेच ते साहेबांना ऐकवलं होतं, आणि त्यानंतर पाच मिनिटांत त्याचं घर बसलं होतं.

हे लॉक म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. गाडी वळते तेव्हा तिची दोन मागची चाकं सारखी फिरत नाहीत. बाहेरचं जास्त पळतं, आतलं कमी. त्याची सोय मधल्या लोखंडी गोळ्यात केलेली असते. पण वाळूत एक चाक रुतून जागच्या जागी गरगरायला लागलं की याच सोयीपायी सगळी ताकद त्या रिकाम्या चाकात वाया जाते आणि दुसरं ढिम्म उभं राहतं. अशा वेळी लॉक लावलं की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. या गाडीत ते लॉक व्हॅक्यूमवर चाले. गोळ्यावर एक डबी, डबीत रबराचा पडदा, डबीला दोन बारीक नळ्या. एका नळीतून इंजिनाने हवा खेचली की पडदा सरकतो आणि लॉक बसतं. दुसरीतून खेचली की सुटतं. हवा द्यायची नाही, खेचायची. सगळं यंत्र हवा नसण्यावर चाले.

काळूरामच्या गॅरेजात याला शब्द होते. टायरला हवा भर. तुंबलेल्या नळीला हवा दे, म्हणजे कॉम्प्रेसरने फुंक. आणि व्हॅक्यूमचं काम असलं की हवा खेच. ती खेचायची तोंडाने. नळी तोंडात धरायची, छाती भरून ओढायची आणि पटकन टोकाला जीभ लावायची. पडदा शाबूत असला तर नळी जीभ धरून ठेवते, सोडत नाही. फाटका असला तर जीभ तशीच मोकळी राहते. विपुलला, त्याच्या मुलाला, त्याने हे पंधराव्या वर्षीच शिकवलं होतं.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी विपुल तेवीस वर्षांचा होता. मधली दोन वर्षं तो मामाच्या डंपरवर काम करून नुकताच परत आला होता. डंपरलाही लॉक असतं, पण ते हवा दिल्यावर लागतं. साहेब अंगणात उभे होते आणि काळूराम त्यांच्यापुढे छाती काढून बोलत होता. ही गाडी समजणारा माणूस मुंबईपासून मुरूडपर्यंत एकच आहे वगैरे. विपुल गाडीखाली होता. त्याने खालून विचारलं, आता काय करू. काळूरामने बोलण्याच्या भरात मागे न बघता सांगितलं, "हवा दे."

विपुलने कॉम्प्रेसरची नळी लावली. फट्ट असा आवाज आला आणि पडदा गेला.

साहेबांनी विचारलं, काय झालं. आणि आत्ता आत्ता एवढ्या बढाया मारलेला काळूराम म्हणाला, की मी खेच सांगितलं, या गाढवाने दिली, स्वतःचं डोकं चालवलं. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. गाडीखालून बाहेर आलेल्या तेवीस वर्षांच्या मुलाला त्याने साहेबांसमोर, रस्त्यावरून जाणाऱ्यांसमोर थोबाडीत मारली. विपुलने डिझेलने हात धुतले, मग साबणाने धुतले, खिळ्यावरचा शर्ट घातला आणि गेला. आता तो उलव्याला राहतो. बंदरावर त्याचे स्वतःचे दोन ट्रेलर आहेत, एक तोच चालवतो. त्याला प्राप्ती नावाची सात वर्षांची मुलगी आहे आणि काळूरामने तिला फोनवरच्या फोटोतच पाहिलेलं आहे.

काळूरामची बायको सोनूबाई चार वर्षांपूर्वी गेली. असं झालं तरी काय, हे तिने त्याला सुरुवातीला एकदाच विचारलं होतं. त्याने तिलाही साहेबांना सांगितलं तेच सांगितलं. तिच्या दिवसांना विपुल एकटाच आला, तेराव्यापर्यंत राहिला, सगळं रीतसर केलं आणि गेला. गॅरेजात त्याने पाऊल टाकलं नाही. आता उरला होता तो दिवाळीचा फोन. पाडव्याला सकाळी विपुल फोन करी. बरा हायस ना? हाय. गोळ्या घेतंस ना? घेतो. बस. दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांवर काळूराम वर्षभर जगे, हे त्याने कुणाला सांगितलं नसतं, पण तसंच होतं. खरं बोलावं असं त्याला दर पाडव्याला वाटे. मग वाटे, खरं बोललो आणि हा फोनही बंद झाला तर? आणि तो म्हणे, घेतो.

मंगळवारी त्याने डबी उघडली. पडदा मधोमध फाटला होता, मुंबईत कुणीतरी नळ्यांना बुचं मारून ठेवली होती. नवा पडदा मिळणार नव्हता. काळूरामने ट्रकच्या ट्यूबचा एक कापून बसवला, नळी तोंडात धरली, ओढलं, जीभ लावली. जीभ मोकळी. दुसरा कापला, जाड. तो सरकेचना. बुधवारी संध्याकाळपर्यंत पाच पडदे कापले आणि तोंडाला रबराची चव राहिली. हे काम जमलं असतं तर त्याला एकट्याला पुरतं करता आलं असतं. तोंडही त्याचं, नळीही त्याची. म्हणून तर तो हट्टाला पेटला होता.

शेवटी त्याने नाद सोडला. व्हॅक्यूम काढून टाकायचं आणि हाताने खेचायचं लॉक करायचं. रेवसच्या धक्क्याजवळच्या दुकानातून त्याने मच्छीमार बोटीच्या इंजिनाला लावतात ती केबल आणली. ती खेचताही येते आणि ढकलताही. डबीच्या जागी लोखंडी पट्टी बसवली, केबल एक्सलवरून वर घेतली, सीटच्या शेजारी छोटा लिव्हर लावला. काम देखणं झालं. तेजस्वी रविवारी न्यायला येणार होती आणि शुक्रवारी दुपारी फक्त केबलचा ताण लावायचा उरला होता.

आणि तिथे गाडं अडलं. आतले दात समोरासमोर आले तरच लॉक बसतं. त्यासाठी एकाने आत बसून लिव्हर खेचून धरायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याने खाली पडून चाक हाताने हळूहळू फिरवायचं. गाडी उचलण्याआधीच त्याने लिव्हरला बांबू लावून पाहिला, बांबू निसटला. वीट बांधून पाहिली. दोरी मागच्या दारातून खाली घेऊन पायाच्या अंगठ्याला बांधली. बदामाखालून ठमाबाई हे सगळं बघत होती आणि अंगठ्याची दोरी बघितल्यावर तिच्याच्याने राहवलं नाही. माणसासारखा माणूस इथे बसलाय, त्याला सांगायला तुझी जीभ झडते का, अशा अर्थाचं काहीतरी तिने त्याला ऐकवलं. काळूरामने अंगठ्याची दोरी सोडली. मग म्हणाला, चढ.

त्याने जॅकने मागची बाजू उचलली, लोखंडी तिवयांवर, म्हणजे घोड्यांवर, टेकवली, गिअर न्यूट्रल केला. ठमाबाई लुगडं सावरत आत चढून बसली. काळूरामने तिला नीट समजावलं. मी खेच म्हटलं की खेचून धर, सोर म्हटलं की सोड. तिसरं काही करू नकोस. मग तो गोणपाटावर आडवा होऊन गाडीखाली गेला.

"खेच," तो खालून म्हणाला.

वर लिव्हर वाजला. दात बसले नाहीत. सोर. पुन्हा खेच. सोर. त्याने केबलचा नट अर्धा फेरा फिरवला. कितीतरी वर्षांनी त्याच्या शब्दावर दुसरं कुणीतरी हलत होतं, आणि त्याला ते इतकं बरं वाटलं की तो उगाचच एकदा जास्त खेच म्हणाला. वरून ठमाबाईचा आवाज आला.

"कालूराम, आता बरोबर बोलतंस. त्या दिशी 'दे' बोल्लेलास."

ती कुठल्या दिवसाचं बोलते, हे काळूरामला विचारायची गरज नव्हती.

"मी हितंच वोंडक्यावर बसलेली," ती म्हणाली. "माझे कानानं आयकलंय."

"मंग तवा का नाय बोल्लीस?"

"मना कोन इचारला? सोनूबायला सांगितलेला मी. ती बोल्ली, त्याचे तोंडानं येऊ दे."

गाडीखाली एका माणसाला जेमतेम हलता येईल एवढीच जागा असते. काळूरामला वरचा लोखंडी गोळा दिसत होता आणि त्याच्यापलीकडे काही नाही. सात वर्षं सोनूबाई सगळं जाणून होती. सात वर्षं तिने त्याला भाकरी वाढली, त्याच्या शेजारी झोपली, आणि तो कधी बोलेल याची वाट बघितली. तो बोलला नाही आणि ती गेली. त्याला रडू आलं, आणि उताणा पडलेला असल्यामुळे ते कानात गेलं.

बाहेर आलो तर धीर सुटेल, हे त्याला कळत होतं. म्हणून त्याने तिथेच खिशातून फोन काढला. बोटाला ग्रीस होतं, फोन ऐकेना. बोट बनियनला पुसून त्याने पुन्हा लावला.

पहिल्याच रिंगला विपुलने घेतला. पाडवा नव्हता, म्हणून तो घाबरला होता. काय झाला, बरा हायस ना, असं त्याने एका दमात विचारलं. मागे ट्रेलरचं इंजिन चालू होतं. काळूराम म्हणाला, बरा हाय, ती साहेबाची गारी आलीय. पलीकडे इंजिन बंद झालं.

"विपुल, 'हवा दे' मीच बोल्लेलू. तू सांगितला तसाच केलास."

मग विपुल शांतपणे म्हणाला, "मना ठाव हाय बाबा. मी आयकलेला ना."

"मंग..."

"मना वाटलेला, तुना आठवत नाय. साहेबाशी बोलत होतास, तोंडाशी काय आला ते तुना कललाच नसंल. अकरा वर्सां मी तेच धरून होतू. म्हंजे तुना ठाव होता."

"व्हय," काळूराम म्हणाला.

मुलाने त्याला केव्हाच माफ केलं होतं, ते एका समजुतीवर. बाप चुकला, पण खोटं बोलला नाही, एवढी समजूत त्याने जपून ठेवली होती, म्हणून पाडव्याला फोन येत होता. आणि आज खरं बोलून काळूरामने ती स्वतःच्या हाताने फाडली होती. बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं. पण ते खरं नव्हतं, हेही त्याला त्याच क्षणी कळलं.

फोन ठेवेल असं वाटत असताना विपुलने विचारलं, "कुठं हायस आता?"

"गारीखाली."

"आत कोन हाय?"

"ठमाबाय. केबल लावलीय. ती खेचते."

"मागची चाका वर? नूटरल?"

"व्हय."

"वोंडका लावलास का?"

"लावला," काळूराम म्हणाला.

म्हणाला, आणि मग मान वळवून पुढच्या चाकांकडे बघितलं. चाकांखाली काही नव्हतं. या गॅरेजात पहिल्यापासून एक रीत होती: थोरल्याने जॅक मारायचा, दुसऱ्याने ओंडका लावायचा. विपुल गेल्यापासून अकरा वर्षं काळूराम दोन्ही कामं स्वतः न चुकता करत होता. आज कितीतरी वर्षांनी कामाला दुसरं माणूस आलं आणि त्याचे हात जुन्या सवयीवर गेले. ओंडका बदामाखाली होता. उतारावरची अडीच टनांची गाडी नुसत्या दोन घोड्यांच्या भरवशावर त्याच्या छातीवर उभी होती.

"नाय," तो म्हणाला. "नाय लावला."

"मंग आधी भायेर ये," विपुल म्हणाला. आवाज एकदम मोठा झाला होता. "हलू ये. ठमाबायला सांग, हलू नको."

काळूरामने ठमाबाईला सांगितलं. ती आत कुठलाही प्रश्न न विचारता बसून राहिली. फोन हातात धरून तो पाठीवर सरकत सरकत बाहेर आला, गुडघ्यांवर उठला, बदामाखालून ओंडका लोटत आणला आणि पुढच्या चाकाखाली पायाने ठोकून घट्ट बसवला. दुसऱ्या चाकाला दोन दगड लावले. मग फोन कानाला लावला.

"लावला," तो म्हणाला. "आता खरा लावला."

पलीकडे कुणी नव्हतं. फोन कधी कटला होता कोण जाणे. ग्रीसच्या बोटाने त्याच्याकडूनच कट झाला असेल, किंवा तो बाहेर आलेला ऐकून विपुलने ठेवला असेल. त्याने परत लावायला अंगठा नेला आणि लावला नाही.

"येतो बोल्ला?" ठमाबाईने खिडकीतून विचारलं.

"नाय," काळूराम म्हणाला. "भायेर ये बोल्ला."

त्यावर ठमाबाईने पुन्हा लिव्हरला हात घातला. रस्त्यावरून जेट्टीवरच्या गाड्या एकामागून एक अलिबागकडे जात होत्या. मग तो पुन्हा गोणपाटावर आडवा झाला आणि गाडीखाली गेला. केबलचा नट आणखी पाव फेरा घट्ट केला.

"खेच," तो म्हणाला.

तिने खेचून धरलं. त्याने डावं चाक तळहाताने हळूच पुढे लोटलं. आत कुठेतरी टक् झालं, आणि पलीकडचं चाक, ज्याला कुणी हात लावला नव्हता, तेही बरोबरीने फिरायला लागलं. आतून ठमाबाईला ते दिसत नव्हतं. म्हणून त्याने तिला ओरडून सांगितलं की बसलं, दोन्ही एकत्र फिरतात. ती म्हणाली, बरं झालं, आता सोरू का? तो म्हणाला, थोडा वेळ धर.

दिवाळीला अजून सहा महिने होते. पाडव्याला फोन येईल की नाही, ते पाडव्यालाच कळणार होतं.